खिळ्यावरचं वादळ

"एकतीस वर्षांत माझा एकही अंदाज चुकलेला नाही," असे अंशतः साहेब रोज सकाळी खुर्चीत बसता बसता म्हणत, आणि ते अगदी खरे होते. जो पाण्यात उतरतच नाही तो बुडणार तरी कसा!

साहेब एका आटोपशीर शहराच्या हवामान केंद्राचे प्रमुख होते. केंद्र म्हणजे एक खोली, मागे कुंपणाचे अंगण, अंगणात पाऊस मोजायचे नळकांडे, एका पांढऱ्या पेटीत तापमापक आणि हवेचा दाब मोजायचे यंत्र, आणि या सगळ्यावर देखरेख करणारा एक शिपाई. एकतीस वर्षे साहेबांनी मुख्यालयाला रोज एकच वाक्य कळवले होते: 'आकाश अंशतः ढगाळ राहील, पावसाची शक्यता नाकारता येत नाही.' ऊन पडले की लोक म्हणत, बरोबर, अंशतःच म्हणाले होते. पाऊस आला की म्हणत, बरोबर, नाकारलं कुठे होतं? या वाक्याला खोटे पाडेल असे हवामान निसर्गाला अजून जमलेले नव्हते. गावाने साहेबांचे नावच अंशतः ठेवले होते, आणि साहेबांनी ते पदवीसारखे लावून घेतले होते.

प्रत्यक्ष आकाशाकडे बघायचे काम शिपायाकडे होते. खोलीला एक खिडकी होती. पण एकोणीस वर्षांपूर्वी तिच्यासमोर जुन्या नोंदवह्यांचे कपाट आले आणि खिडकीने स्वेच्छानिवृत्ती घेतली. शिपाई साडेनऊला चहा सांगायला बाहेर जाई, तेव्हा जाता जाता वर बघून येई.

"किती?" साहेब विचारत. आकाशाचे आठ भाग कल्पून त्यातले किती ढगांनी धरलेत, ते लिहायचे असते.

"चार."

"काल पण चारच होते."

"तेच असतील, साहेब."

महिन्याभराने साहेब निवृत्त व्हायचे होते, आणि त्याआधी, येत्या शुक्रवारी, त्यांना 'निर्दोष सेवा' प्रमाणपत्र मिळायचे होते. सबंध नोकरीत एकही चुकीची माहिती न देणाऱ्यालाच ते मिळे, आणि खात्याच्या इतिहासात ते अजून कोणालाच मिळालेले नव्हते. याआधी एक जण अगदी दारापर्यंत पोचला होता. शेवटच्या आठवड्यात आनंदाच्या भरात त्याने 'निरभ्र' असे लिहून टाकले आणि दुपारी गारा पडल्या. साहेब ही गोष्ट आवाज खाली आणून सांगत, घराण्यातल्या एखाद्या बदफैली काकाची सांगावी तशी.

प्रमाणपत्रासाठी साहेबांनी खुर्चीमागच्या भिंतीवर आठ महिने आधीच खिळा ठोकून ठेवला होता. उंची तीनदा मोजून. रोज रुमालाने ते त्यावरची धूळ पुसत.

आणि त्या खिळ्यावर त्यांच्या मेव्हण्याने वादळ आणून टांगले.

मेव्हण्याने नुकतेच तसबिरी मढवायचे दुकान काढले होते. याआधी त्याने बॅटऱ्यांचे, मग माशांच्या टाक्यांचे आणि मग दोन्हींचे एकत्र असे दुकान काढले होते, त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. या खेपेला त्याने मोठमोठ्या चित्रांच्या छापील प्रती मागवल्या होत्या. येत्या रविवारी मैदानावर त्यांचे प्रदर्शन भरवायचे आणि गावाला कला म्हणजे काय ते एकदाचे दाखवून द्यायचे, असा बेत होता. त्यातली एक प्रत तो शनिवारी संध्याकाळी बहिणीच्या घरी घेऊन आला. चार फुटी. एक काळेनिळे तळे, त्याच्या काठी उजवीकडे पार कंबरेतून मोडल्यासारखी वाकलेली दोनचार झाडे, आणि वर जांभळे-करडे आकाश, रंगाऱ्याने कुंचल्याऐवजी थापी वापरावी तसे थापलेले. माणूस नाही, घर नाही, पक्षीसुद्धा नाही.

"आधुनिक आहे, ताई," मेव्हणा म्हणाला. "वाऱ्याचं चित्र आहे. वारा दिसत नाही ना, म्हणून काढलाय."

"मधे ही लाकडी पट्टी कसली?" बहिणीने विचारले.

"एवढी मोठी अखंड काच मिळत नव्हती. दोन तुकडे जोडलेत. शोभा वाढते."

"घरात लावायचं नाही. दूध नासेल हे बघून."

"भावोजी, तुम्ही न्या मग. ऑफिसात लावा. आता हवामानाशी तुमचा संबंध आहे म्हटल्यावर..."

बायको नको म्हणतेय आणि बायकोचा भाऊ घ्या म्हणतोय, अशा पेचात नवऱ्याला स्वतःचे मत असून चालत नाही. सोमवारी चित्र ऑफिसात आले. चार फुटी तसबीर तोलेल असा खिळा सबंध ऑफिसात एकच होता. "शुक्रवारपर्यंतच हं," साहेब खिळ्याला म्हणाले.

मंगळवारी दहाला मुख्यालयाची बैठक होती. ती संगणकावर होई. एका चौकटीत मुख्यालयातल्या मॅडम आणि बाकीच्या चौकटींत सत्तावीस केंद्रप्रमुख, पोस्टाच्या खणांत बसवल्यासारखे. या बैठकींसाठी साहेबांनी एक पद्धत बसवली होती. दोन्हीकडचा आवाज बंद ठेवायचा, चेहरा गंभीर ठेवायचा, दर दोन मिनिटांनी मान डोलवायची आणि हात टेबलाखाली मोकळे ठेवायचे. त्या मोकळ्या हातांनी त्यांनी आजवर बायकोचे अकरा किलो मटार सोलून दिले होते.

त्या दिवशी नेट मंद होते. इथे कलासमीक्षकांच्या अजून लक्षात न आलेली एक गोष्ट नोंदवली पाहिजे: नेट मंद असले की आधुनिक चित्र वास्तववादी होते. थापीचे फटकारे मिसळून जातात, ढगांना ढगपणा येतो. त्यात काचेमध्ये छताच्या पंख्याची सावली फिरत होती, म्हणजे झाडे हलत होती. आणि मधोमध मेव्हण्याची शोभा वाढवणारी लाकडी पट्टी. मॅडमना दिसली ती साहेबांच्या पाठीमागची खिडकी, आणि खिडकीबाहेर प्रलय.

"बाप रे, तुमच्याकडे काय चाललंय हे?" मॅडमनी विचारले.

साहेबांनी मान डोलवली.

"वादळ आहे का?"

दोन मिनिटे झाली होती. साहेबांनी मान डोलवली.

"आणि तुम्ही असे शांत बसलात?"

एका शेंगेत आठ दाणे निघाले. साहेबांनी समाधानाने मान डोलवली.

"याला म्हणतात धीर," मॅडम उरलेल्या सव्वीस जणांना म्हणाल्या.

अर्ध्या तासात मुख्यालयाचे पत्रक आले: 'केंद्रप्रमुखांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या परिस्थितीवरून आपल्या भागासाठी वादळाचा नारिंगी इशारा देण्यात येत आहे.' साहेबांनी ते दोनदा वाचले. कोणत्या तरी शेजारच्या केंद्रप्रमुखाने पाहिले असणार, बिचारा. निवृत्तीच्या तोंडावर लोक कशाला पाहायला जातात कोण जाणे.

"शिपाईबुवा, बाहेर वादळ आहे का हो?"

शिपाई जाऊन आला. "ऊन आहे साहेब. कुत्रंसुद्धा सावलीला गेलंय."

"मुख्यालय म्हणतंय वादळ आहे."

"मग असेल."

साहेबांनी विचार केला. मुख्यालयाकडे उपग्रह. आपल्याकडे शिपाई. त्यांनी पत्रकावर 'परिस्थितीशी सहमत' असा शेरा मारला, खाली सही केली, एक प्रत गावाला आणि एक मुख्यालयाला पाठवली. मुख्यालयात मॅडमनी ती वाचली. प्रत्यक्ष जागेवरचा माणूस लेखी सहमत आहे म्हटल्यावर शंकेला जागा नव्हती. दुपारी तीनला नारिंगी इशारा लाल झाला.

बुधवारी गावाने वादळाची जय्यत तयारी केली. शाळा बंद. तळ्यातल्या होड्या काठावर ओढून उलट्या घातल्या. दुकानांच्या पाट्या उतरवल्या, बागेतल्या पुतळ्याला दोर बांधले. दारेखिडक्या लावून माणसे घामाने निथळत वाऱ्याची वाट बघत बसली, आणि बाहेर पिंपळाचे पान हलत नव्हते. सगळ्या गावात उघड्यावर एकच बाई होती, ती म्हणजे साहेबांची बायको. ती गच्चीवर चादरी वाळत घालत होती.

"अगं, लाल इशारा आहे," साहेब खालून म्हणाले.

"म्हणून तर सगळ्या काढल्या धुवायला. खाली त्याच्यावर सही तुमचीच आहे ना?"

"आहे."

"मग पडदेही भिजवते."

संध्याकाळी मेव्हणा आला. त्याचा चेहरा त्याच्या चित्रातल्या आकाशासारखा झाला होता. नगरपालिकेने पुढचा हुकूम होईपर्यंत मैदानाच्या सगळ्या परवानग्या रद्द केल्या होत्या.

"माझं प्रदर्शन गेलं, भावोजी. एकोणतीस चित्रं मढवून बसलोय. आणि कुठाय वादळ? दाखवा मला. एक झुळूक दाखवा."

"मुख्यालयाकडून आलंय ते. कुणीतरी पाहिलंय म्हणे."

"कुणी?"

"ते लिहिलेलं नाही."

गुरुवारच्या बैठकीत विषय वादळाचा होता, म्हणून साहेबांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा आवाज सुरू ठेवला. मटार घरी होते.

"तुमच्या मागे अजून तसंच आहे की," मॅडम म्हणाल्या. "मंगळवारपासून झाडं तशीच उजवीकडे वाकलेली."

साहेबांनी मागे वळून पाहिले. तळे. झाडे. पट्टी. काचेत पंखा. मग त्यांनी समोर, पडद्यावरच्या आपल्या चौकटीत पाहिले. त्या केंद्रप्रमुखाचा चेहरा त्यांना एकदम ओळखीचा वाटला.

"हो, मॅडम," ते म्हणाले. "वारा एकाच दिशेचा आहे."

"तीन दिवस?"

"अंशतः."

"कमी होतोय का?"

"दुपारपर्यंत होईल असं वाटतं."

"ठीक. चारला पुन्हा बघू. तशीच खिडकी दिसू द्या पाठीमागे, म्हणजे मला अंदाज येतो."

बैठक संपली. साहेब खुर्चीत इतके खाली गेले की टेबलावर फक्त कपाळ उरले. खरे सांगावे तर एकतीस वर्षे पाण्यात, आणि शुक्रवार उद्यावर. चित्र नुसते काढावे तर मागे कोरी भिंत. वादळाबरोबर खिडकीही उडून गेली असे सांगणे बरे दिसले नसते.

शिपाई सगळे ऐकत दारात उभा होता. "साहेब, वादळ काय कायमचं नसतं," तो म्हणाला. "ओसरतं. चौकट तीच ठेवायची. आतला कागद बदलायचा."

ज्याचे प्रदर्शन आपण बुडवले त्याच्याच दुकानी चांगल्या हवेचे चित्र मागायला जायचे, म्हणजे काम अवघड होते. साहेब काखेत वादळ मारून गेले. आधी त्यांनी दुकानाची स्तुती केली. मग खिळ्यांची चौकशी केली. ताकाला जाऊन भांडे किती वेळ लपवणार? शेवटी सांगून टाकले.

मेव्हण्याने तसबिरीकडे बघितले, आणि त्याच्या चेहऱ्यावर, रागाच्या जागी, थोडा अभिमान आला. "म्हणजे इतकं खरं वाटलं?"

"मुख्यालयाला वाटलं."

"तरी ताई म्हणते दूध नासेल." त्याने मागून एक प्रत काढली. तेवढ्याच आकाराची, निवांत तळे, सरळ उभी झाडे, कोवळे ऊन आणि एक बदक. "हे घालून देतो. पण एक करा. मैदानाचा कारकून म्हणतो, हवामानवाल्यांनी लेखी दिलं तर रविवारची परवानगी परत देतो. लिहा. 'रविवारी आकाश निरभ्र राहील.'"

"अंशतः निरभ्र."

"नाही."

"निरभ्र राहण्याची शक्यता नाकारता..."

"भावोजी, बदक परत ठेवू का?"

साहेबांनी कपाळ पुसले. त्यांना तो गारांचा माणूस आठवला. मग त्यांनी खात्याचा कागद नको, शिक्का नको, अशा अटी घालून मेव्हण्याच्या दुकानाच्या कागदावर ते वाक्य लिहिले. 'निरभ्र' त्यांनी इतक्यांदा गिरवले की अक्षर ढगाळ आले. सही मात्र स्वच्छ होती.

चार वाजता साहेबांच्या मागे कोवळे ऊन पडले होते.

"वा, छान उघडलं," मॅडम म्हणाल्या. "आणि बदकही आलं. बरं, ऐका, उद्या प्रमाणपत्र द्यायला मी स्वतःच येते. असा माणूस प्रत्यक्ष बघायला हवा."

शुक्रवारी सकाळी चित्र उतरवले, पण चार फुटी तसबीर लपवायची कुठे? कपाटामागे खिडकी होती, टेबलाखाली पाय. शेवटी ती भिंतीशी उलटी टेकवली आणि तिच्यासमोर शिपायाला उभे केले. शिपाई दोन फुटी होता, रुंदीला. मॅडम आल्या, त्यांनी शिपायाकडे चहा मागितला, आणि शिपाई सवयीने निघून गेला.

मॅडमनी खोलीभर नजर फिरवली. "खिडकी कुठाय?"

"कपाटामागे, मॅडम."

"कोणत्या सालापासून?"

साहेबांनी साल सांगितले. मॅडमनी तसबीर सरळ केली. त्या पट्टीवरून बोट फिरवत राहिल्या. बदक त्यांच्याकडे बघत होते.

"मंगळवारी हेच होतं?"

"नाही, मॅडम. मंगळवारी दुसरं होतं."

अंगणातले वाऱ्याची दिशा दाखवणारे चक्र करकरले. साहेबांच्या डोळ्यांसमोरून तो मोकळा खिळा, आठ महिने, रुमाल, सगळे गेले. मॅडमनी पिशवीतून प्रमाणपत्र काढले. त्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक जास्तीची ओळ लिहून आणली होती: 'वादळात दाखवलेल्या असामान्य धैर्याबद्दल'. ती त्यांनी पुन्हा एकदा वाचली.

"लाल इशारा माझ्या सहीने गेलाय," त्या म्हणाल्या. "मंत्रालयाने अभिनंदन केलंय माझं. एवढ्या वादळात एक कौलसुद्धा उडालं नाही म्हणून."

"हो, मॅडम."

"म्हणजे वादळ होतं."

"अंशतः, मॅडम."

मॅडमनी प्रमाणपत्र त्यांच्या हातात दिले, चहा न घेता पायऱ्या उतरल्या, आणि गाडीत बसताना एवढेच म्हणाल्या, "ते बदक घरी न्या."

साहेबांनी प्रमाणपत्र खिळ्यावर चढवले. उंची बरोबर होती. संध्याकाळी शिपाई अंगणातून आला. "साहेब, हवेचा दाब उतरतोय. सकाळपासून सारखा. पश्चिमेला पण काळं दिसतंय. सात धरा."

"आठवड्यात दोनदा कोण वादळ कळवतं?" साहेब म्हणाले. "नेहमीचं लिहा."

नेहमीचे लिहिले गेले: अंशतः ढगाळ, पावसाची शक्यता नाकारता येत नाही.

रविवारी अकरा वाजता मैदानावर एकोणतीस तसबिरी लाकडी घोड्यांवर मांडल्या होत्या आणि मेव्हणा पन्नास माणसांना आधुनिक कला समजावून सांगत होता. सव्वाअकराला तो 'वारा दिसत नाही' इथपर्यंत आला आणि वारा दिसला. मांडव आधी फुगला, मग निघाला. चित्रे एकामागून एक उठली आणि तळ्याच्या दिशेने रांगेने गेली. सूर्यास्त गेला, हिमशिखरे गेली, बर्फात उभे हरीण गेले. मैदानाच्या कडेची झाडे उजवीकडे कंबरेतून वाकली. हुबेहूब तशीच. चौकटीतून काढलेल्या वादळाच्या चित्राची गुंडाळी तेवढी मेव्हण्याच्या पिशवीत होती, म्हणून वाचली. त्याने ती पावसात साहेबांच्या हातात कोंबली. "घ्या," तो म्हणाला. "तुमचीच आहे."

खात्याच्या दप्तरी काहीच बिघडले नाही. बुलेटिनमध्ये शक्यता नाकारलेली नव्हती, म्हणजे अंदाज याही वेळी बरोबरच होता. आणि 'निरभ्र' लिहिलेला कागद होता दुकानाचा, तोही मेव्हण्याने मांडवाला चिकटवलेला, म्हणजे आता तळ्याच्या तळाशी होता. एकतीस वर्षे अभंग राहिली. साहेब हेच मनाशी म्हणत, निथळत, काखेत गुंडाळी धरून घरी पोचले, तेव्हा त्यांना एकदम कपड्यांची आठवण झाली. रविवार, म्हणजे धुण्याचा दिवस. ते धावत गच्चीवर गेले.

गच्ची रिकामी होती. एक रुमाल नाही, चिमटा नाही. दोऱ्यासुद्धा सोडून, वेटोळी करून जिन्यात टांगलेल्या होत्या.

"अगं, तुला कसं कळलं?" ते खाली येऊन म्हणाले. "सकाळी तर लख्ख ऊन होतं."

बायकोने त्यांना पंचा दिला.

"भाऊ परवा तुमची चिठ्ठी दाखवून गेला ना," ती म्हणाली. "'निरभ्र' वाचलं, आणि आधी जाऊन दोऱ्या काढल्या."